हिब्रू तुमन्ताची ओळख : भंडाऱ्याच्या बोलीतून

मराठी माणसाने हिब्रू शिकायला घेतली की आधी त्याला अक्षरे दमवतात आणि मग क्रियापदे. अक्षरे बावीसच आहेत, ती सरावाने बसतात. क्रियापदांचे तसे नाही. लिंग, वचन, पुरुष, काळ आणि निरनिराळे साचे असे सगळे एकदम अंगावर येते आणि बरेच जण तिथेच पुस्तक मिटून ठेवतात. म्हणून या पुस्तकाची सुरुवात वेगळ्या जागेवरून केली आहे. हिब्रू क्रियापदाचे जे रूप लिंग पाहत नाही, वचन पाहत नाही आणि काळही पाहत नाही, ते आधी हाती घ्यायचे. मराठीत ‘जायला’, ‘करायला’, ‘बोलायला’ ही रूपे आपण दिवसभर वापरतो. त्यांच्या जागी हिब्रूत जे येते ते हे रूप. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना त्वान्त, ल्यबन्त आणि तुमन्त ही तिकडी आठवत असेल. ‘गन्तुम्’, ‘कर्तुम्’, ‘पातुम्’ या तुमन्तांचेच नाव मी हिब्रूच्या या रूपालाही दिले आहे, कारण दोघांचे काम पुष्कळसे सारखे आहे आणि मराठी विद्यार्थ्याला हे नाव परके वाटत नाही.

हे रूप आधी घेण्यामागे व्यवहाराचाही विचार आहे. ‘हवे’, ‘जमते’, ‘शक्य आहे’, ‘मनाई आहे’, ‘बरे होईल’ अशा अर्थांचे पाच-सात शब्द आणि वीस-पंचवीस तुमन्ते एवढ्या भांडवलावर हिब्रूत रोजचे बोलणे निभावते. काळांची कोष्टके नंतर सावकाश शिकता येतात. पण या पुस्तकाचा खरा आग्रह आणखी पुढचा आहे. भंडारा जिल्ह्यातल्या आणि एकूण झाडीपट्टीतल्या वाचकाने हिब्रू तुमन्ताकडे इंग्रजीच्या किंवा पुस्तकी मराठीच्याही आडवळणाने जाऊ नये, आपल्या बोलीतून थेट जावे. त्याच्या तोंडात जे आहे तेच या विषयाचे सर्वांत चांगले पाठ्यपुस्तक आहे. ते कसे, हे पुढे सांगतो. त्याआधी मराठी आणि हिब्रू यांच्या जुन्या नात्याविषयी थोडे सांगायला हवे.

हिब्रूचा महाराष्ट्रातला इतिहास मुख्यतः कोकण किनाऱ्यावरचा आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागातल्या गावांतून बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला. तेल गाळण्याचा धंदा, शनिवारचा विसावा आणि घरात मराठी, असे त्यांचे जगणे होते. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून त्यांची आडनावे झाली. मराठी ही त्यांची मायबोलीच होती. १७९६ मध्ये सामाजी हसाजी, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. प्रार्थना हिब्रूत आणि तिचा अर्थ समजून घ्यायचा तो मराठीत, अशी गरज त्या शतकात वाढत गेली. त्या गरजेपोटी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले गेले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएल विद्यार्थ्यांसाठी हिब्रूच्या व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत मांडली आणि ते पुस्तक १८३२ मध्ये मुंबईत निघाले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापून आले १८३६ मध्ये. दादोबांच्या व्याकरणाच्या चार वर्षे आधी मराठीत हिब्रूचे व्याकरण उपलब्ध होते, ही गोष्ट आपल्या भाषेच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदवण्यासारखी आहे.

पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांचे मराठी अनुवाद करण्यात आयुष्य घातले. मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे ते मुख्याध्यापक होते. त्यांच्यासारख्या अनुवादकाला तुमन्ताचा प्रश्न रोज भेटत असणार, कारण हिब्रू प्रार्थनेत हे रूप पावलोपावली येते. यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ जी ‘शमा’ म्हणतो, तिच्या पहिल्याच परिच्छेदात चार तुमन्ते ओळीने आहेत. बसणे, चालणे, निजणे आणि उठणे या चार क्रियांची ती रूपे, आणि चारही रूपांना ‘तुझे’ या अर्थाचा प्रत्यय लागलेला आहे.

दुसरे मोठे नाव पंडिता रमाबाईंचे. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने संस्कृत व्याकरण लहानपणीच आत्मसात केले होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मूळ भाषांमधून मराठीत आणायचे काम हाती घेतले आणि मृत्यूपर्यंत ते सोडले नाही. त्यांचा अनुवाद त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या बायकामाणसांना वाचता येईल अशी मराठी त्यांना हवी होती. रमाबाईंचा जन्म १८५८चा आणि मृत्यू १९२२चा. हिब्रूला पुन्हा बोलती भाषा करणारे एलिएझेर बेन-येहुदा यांचीही जन्म-मृत्यूची वर्षे हीच आहेत. बेन-येहुदा १८८१ मध्ये यरुशलेमला गेले आणि आपल्या घरात मुलांशी हिब्रूशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही असा नेम त्यांनी पाळला. एकीकडे पोथीतली हिब्रू घराघरात उतरत होती आणि दुसरीकडे त्याच पोथीतली हिब्रू पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यात मराठी होत होती. दोन्ही कामे एकाच पिढीने केली.

१९४८ नंतर बेने इस्राएल कुटुंबे मोठ्या संख्येने इस्राएलला गेली. दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा या गावांत मराठी घरे झाली आणि तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघू लागले. या घरांतल्या आजी-आजोबांनी प्रौढ वयात हिब्रू शिकली ती मराठीच्या आधारानेच. तेव्हा मराठीतून हिब्रूकडे जाणारी वाट पुष्कळांच्या पायाखालची आहे. आपण तिला पूर्व विदर्भातून एक फाटा जोडतो आहोत, एवढेच.

आता झाडीकडे वळू. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखाची बोली म्हणजे झाडीबोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिचा अभ्यास उभा केला, झाडीबोली साहित्य संमेलनांची चळवळ चालवली आणि ही बोली अशुद्ध मराठी नसून स्वतःचे नियम असलेली भाषा आहे, हे लोकांच्या मनावर ठसवले. त्या नियमांपैकी एक आपल्या कामाचा आहे. प्रमाण मराठीत ‘मला’, ‘तुला’, तर झाडीत ‘मले’, ‘तुले’. प्रमाण मराठीत ‘करायला’, ‘पाहायला’, ‘जायला’, तर झाडीत ‘कराले’, ‘पाहाले’, ‘जावाले’. ‘बाया रोवना कराले गेल्या’, ‘पोरं दंडार पाहाले गेले’ ही तिथली रोजची वाक्ये. नामाला लागणारा ‘ले’ आणि क्रियेला लागणारा ‘ले’ एकच आहे. चतुर्थीचा जो प्रत्यय माणसाला लागतो, तोच कामाला लागतो. कोणाकडे? मले. कशाकडे? पाहाले.

हिब्रूत नेमके हेच घडते. तिथे ‘ले’ हे शब्दाच्या आधी जोडले जाणारे अक्षर आहे आणि त्याचा अर्थ ‘ला’, ‘कडे’, ‘साठी’. माणसाला जोडले की ‘ली’ म्हणजे मला, ‘लेख़ा’ म्हणजे तुला. क्रियेच्या नावाला जोडले की तुमन्त तयार होते : ‘लेदाबेर’ म्हणजे बोलायला, ‘लिरओत’ म्हणजे पाहायला, ‘लालेख़ेत’ म्हणजे जायला. ‘ते पाहायला गेले’ हे हिब्रूत ‘हालख़ू लिरओत’. झाडीत ‘गेले पाहाले’. आता एक पूर्ण वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहा. मला जायला कठीण जाते, हे हिब्रू माणूस ‘काशे ली लालेख़ेत’ असे म्हणतो. ‘काशे’ म्हणजे कठीण, ‘ली’ म्हणजे मले, ‘लालेख़ेत’ म्हणजे जावाले. भंडाऱ्यात म्हणतात, ‘कठीन जाते मले जावाले’. प्रत्यय मागचा पुढे आला, बाकी वाक्याचा सांगाडा तोच राहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. झाडीचा ‘ले’ आणि हिब्रूचा ‘ले’ यांचे रक्ताचे नाते नाही. हिब्रू ही अरबी, अरामी यांच्या सेमिटिक कुळातली आणि झाडीबोली आर्यभाषा कुळातली. ध्वनी जुळला हा योगायोग आहे. रचना जुळली त्यामागे मात्र कारण आहे. क्रियेचे नाव घ्यावे, त्याला ‘कडे’ किंवा ‘साठी’ अशा अर्थाचे चिन्ह लावावे आणि त्यातून हेतू सांगावा, ही सोय माणसाला ठिकठिकाणी सुचलेली आहे. वेदांच्या भाषेत ‘जीवसे’ म्हणजे जगण्यासाठी, ‘कर्तवे’ म्हणजे करण्यासाठी. या दोन्ही मूळच्या चतुर्थी आहेत. इंग्रजीतला ‘टू’ हाही दिशा दाखवणारा शब्द आहे. एका क्रियेच्या हेतूने दुसरी क्रिया घडते तेव्हा तुमुन् लागतो, हा पाणिनीचा नियम याच अनुभवावर उभा आहे. म्हणून वाचकाने ‘ले’च्या ध्वनीवर भाषांचे कुळ जुळवू नये, पण स्मरणाला त्याचा आधार खुशाल घ्यावा. लहानपणापासून ‘खावाले’, ‘जावाले’ म्हणणाऱ्या मुलाला लेएख़ोल आणि लालेख़ेत ही रूपे कशी चालतात हे निराळे शिकवावे लागत नाही.

आता रूप जवळून पाहू. हिब्रू शब्दाचा गाभा तीन व्यंजनांचा असतो. क-त-व म्हणजे लिहिणे, श-म-र म्हणजे राखणे, द-ब-र म्हणजे बोलणे. ही तीन व्यंजनांची व्यवस्था दहाव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोव्हा इथे यहूदा हय्यूज या वैयाकरणाने नीट सिद्ध केली. लपलेली, गळालेली व्यंजने हिशेबात धरून त्याने प्रत्येक धातू तीन अक्षरी ठरवला. तुमन्ताचे नियम समजायला त्याचाच हिशेब कामी येतो.

पहिला प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतो : कधी ‘ले’, कधी ‘लि’, कधी ‘ला’, असे का? याचे उत्तर पुढच्या ध्वनीत आहे. मूळ उच्चार ऱ्हस्व ‘ले’, जसा लेदाबेरमध्ये. पुढच्या व्यंजनाला स्वर नसेल तर सुरुवातीलाच दोन लुळी व्यंजने एकत्र येतात. हिब्रूला ते चालत नाही, म्हणून पहिल्याला ‘इ’ मिळते : लिख़्तोव, लिश्मोर, लिज़्कोर. पुढच्याच अक्षरावर आघात असेल तर ‘ला’ : लाकूम (उठायला), लावो (यायला), लाशेवेत (बसायला). आणि पुढे घशातले व्यंजन असेल तर ते आपल्या सोयीचा स्वर मागे ढकलते : लाअवोद (काम करायला), लेएख़ोल (खायला). चार नियमांत सगळा विषय आटोपतो.

दुसरा प्रश्न गळणाऱ्या अक्षरांचा. याशाव म्हणजे तो बसला, पण बसायला म्हणजे लाशेवेत. पहिला ‘य’ कुठे गेला आणि शेवटचा ‘त’ कुठून आला? ‘य’ने सुरू होणारे पुष्कळ धातू तुमन्तात पहिले अक्षर टाकतात आणि भरपाई म्हणून शेवटी ‘त’ घेतात. यारादपासून लारेदेत (उतरायला), यात्सापासून लात्सेत (बाहेर पडायला), यादापासून लादाआत (जाणायला). हालाख़पासून लालेख़ेत आणि नातानपासून लातेत (द्यायला) हीही याच पंगतीत बसतात. शेवटचे अक्षर दुबळे असेल तर रूप ‘ओत’वर संपते : लिवनोत (बांधायला), लिश्तोत (प्यायला), लिक्नोत (विकत घ्यायला), लाअसोत (करायला). रोज लागणाऱ्या क्रिया बहुतेक याच दोन गटांतल्या आहेत, म्हणून सामान्यतः व्याकरणात शेवटी येणारे हे गट मी पहिल्या धड्यांत आणले आहेत.

तिसरी गोष्ट साच्यांची. एकच धातू निरनिराळ्या साच्यांत ओतला की त्याचे काम बदलते. मराठीत जमणे-जमवणे, शिरणे-शिरवणे होते तसे. क-न-स हा धातू घ्या. लिख़्नोस आणि लेख़ानेस म्हणजे गोळा करायला, लेहित्कानेस म्हणजे एकत्र जमायला, लेहिकानेस म्हणजे आत शिरायला, लेहाख़्निस म्हणजे आत घ्यायला. याच धातूतून इस्राएलच्या संसदेचे नाव ‘क्नेसेत’ आले आणि प्रार्थनामंदिराचे ‘बेत क्नेसेत’ हे नावही. दिवेकरांनी १७९६ मध्ये जे बांधले ते बेत क्नेसेतच. तुमन्ताची ही पाच रूपे पाठ झाली की पाच साचे पाठ झाले. उरलेल्या दोन साच्यांना तुमन्त नसते, कारण ते निव्वळ कर्मणी आहेत.

बायबलच्या हिब्रूत तुमन्ताला ‘ले’च लागते असे नाही, ‘बे’ (मध्ये), ‘के’ (होताच), ‘मि’ (पासून) हेही लागतात. पण ‘ले’ची जवळीक निराळी. पडणे या क्रियेला ‘बे’ लागला की ‘बिन्फोल’ होते आणि ‘ले’ लागला की ‘लिन्पोल’. ‘बे’ सुटा राहिल्याने पुढचा ध्वनी मऊ ‘फ’ राहतो. ‘ले’ रूपात मुरून गेल्याने तोच ध्वनी कडक ‘प’ होतो. करावयाला झिजून करायला झाले तेव्हा प्रत्यय आणि क्रिया यांच्यामधला सांधा जसा दिसेनासा झाला, तसाच तो इथेही बुजला. आधुनिक हिब्रूत म्हणूनच ‘ले’चे रूप सर्वत्र टिकले आणि बाकीची बहुधा ग्रंथांत राहिली.

प्राचीन हिब्रूत हे रूप नामासारखे वागते आणि त्याला मालक लागतो. शेवेत म्हणजे बसणे. ‘शिव्ती’ माझे बसणे, ‘शिव्तेख़ा’ तुझे बसणे, ‘बेशिव्तेख़ा’ तुझ्या बसण्यात, म्हणजे तू बसला असताना. ‘शमा’तली चार तुमन्ते या घडणीची आहेत. इंग्रजीतून हिब्रू शिकणारा विद्यार्थी इथे अडतो, कारण त्याच्या भाषेतल्या ‘टू’च्या रूपाला असा मालक जोडता येत नाही. मराठी विद्यार्थी अडत नाही. ‘तुझ्या येण्याने बरे वाटले’, ‘त्याच्या बोलण्यात आले’ ही वाक्ये त्याच्या तोंडात आहेतच. असेच ‘लेमोर’ या रूपाचे. अर्थ ‘म्हणायला’, पण काम मराठीतल्या ‘असे म्हणून’चे. दुसऱ्याचे बोल सुरू होतात अशी ती खूण आहे. ज्या भाषेत ‘म्हणून’ हा शब्द दिवसातून शंभरदा येतो, तिच्या वाचकाला लेमोर समजावायला टिपा द्याव्या लागत नाहीत.

तुमन्ताचा एक थोरला भाऊ आहे. व्याकरणात त्याला निरपेक्ष रूप म्हणता येईल : कातोव, शामोर, ज़ाख़ोर, हालोख़. त्याला आधी ‘ले’सारखे काही जोडता येत नाही आणि नंतरही काही लागत नाही. त्याची मुख्य कामे दोन. एक, ठामपणा देणे. ‘मोत तामूत’ या दोन शब्दांत मरणे ही क्रिया दोनदा येते. आधी निरपेक्ष रूप आणि मग ‘तू मरशील’. मराठी अनुवादक तिथे ‘खास’ किंवा ‘खचित’ घालतात, पण बोलताना आपण ‘येणार म्हणजे येणारच’ अशी क्रियाच दोनदा उच्चारतो, आणि ती लकब हिब्रूच्या अधिक जवळ आहे. दोन, आज्ञा देणे. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकात ज़ाख़ोर (आठवण ठेवणे) या रूपाने सुरू होते आणि ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात शामोर (पाळणे) या रूपाने. आज्ञार्थ न वापरता क्रियेचे नुसते नाव घेऊन दिलेला हा हुकूम मराठी वाचकाला ओळखीचा आहे. ‘मूळ कागदपत्रांसह हजर राहणे’, ‘अर्ज मुदतीत सादर करणे’ ही तहसील कचेरीतली भाषा तशीच आहे. कोणी, कोणाला हे न सांगता ती सर्वांना लागू होते. त्याच निरपेक्ष रूपाची एक जोडगोळी ‘हालोख़ वेगादेल’ म्हणजे चालत आणि वाढत, अर्थात वाढत वाढत गेला. जाणे या क्रियेने वाढ दाखवण्याची सवय दोन्ही भाषांना आहे.

आजच्या बोलण्यात निरपेक्ष रूप विरळ झाले, तरी एका ठिकाणी ते रोज भेटते. इस्राएलमध्ये जाण्यायेण्याचे तिकीट मागताना ‘हालोख़ वाशोव’ म्हणतात. दोन्ही निरपेक्ष रूपे, जाणे आणि परतणे. आणि साधे तुमन्त तर तिथल्या प्रत्येक भिंतीवर आहे. ‘लो लेअशेन’ म्हणजे धूम्रपान करू नये. ‘ना लो लागाअत’ म्हणजे कृपया हात लावू नये. आपल्या पाट्यांवरही ‘थुंकू नये’, ‘गाडी उभी करू नये’ असे असते आणि त्यातले थुंकू, करू हीही तुमन्ताच्याच जातीची रूपे आहेत. आई मुलाला ‘लिशोन!’ म्हणते, तेव्हा मराठी आई ‘झोपायचं आता!’ म्हणते.

एवढे साम्य असले तरी मायबोली काही ठिकाणी चकवतेही, आणि त्या जागा या पुस्तकात वेगळ्या चौकटीत दिल्या आहेत. पहिली जागा : मराठीत सोबतीचा शब्द बदलला की रूप बदलते. ‘जाऊ शकतो’, ‘जाता येते’, ‘जायला पाहिजे’, ‘जायचे आहे’ अशी चार रूपे होतात. हिब्रूत चारही ठिकाणी लालेख़ेतच : याख़ोल लालेख़ेत, एफ़्शार लालेख़ेत, त्सारीख़ लालेख़ेत, रोत्से लालेख़ेत. एवढी सूट मिळते यावर विद्यार्थ्याचा विश्वास बसत नाही आणि तो उगाच रूप बदलू पाहतो. दुसरी जागा : इच्छा सांगताना मराठीत ‘मला’ येते, हिब्रूत ‘मी’ येतो. ‘मला खायचे आहे’ म्हणजे ‘अनी रोत्से लेएख़ोल’, आणि बोलणारी स्त्री असेल तर ‘अनी रोत्सा’. इथे ‘ली’ घातले तर चूक. तिसरी जागा : मराठीच्या ‘लिहिणे’चे आधुनिक हिब्रूत दोन वाटे होतात. ‘मला लिहिणे आवडते’ इथे तुमन्त, लिख़्तोव. ‘तुझे लिहिणे मला आवडते’ इथे मात्र ‘क्तिवा’ हे निराळे नाम. मालक जोडलेले जुने तुमन्त आज ग्रंथांतच शोभते. चौथी जागा : मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशापासून मराठी कोशांत क्रियापद ‘णे’च्या रूपात सापडते; हिब्रू कोशात ते ‘त्याने लिहिले’ या भूतकाळी रूपात, कातावखाली, शोधावे लागते. लाशेवेत ‘ल’मध्ये शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

हिब्रू अक्षरे दुसऱ्या भागापासून दिली आहेत. पहिल्या भागात सर्व काही देवनागरीत आहे. ‘ख़’चा उच्चार घशातून, उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा करावा. हिब्रूत ण आणि ळ नाहीत. झाडीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ करून बोलणाऱ्या वाचकाला त्यांची उणीव भासणार नाही.

बायबल मूळ भाषेत वाचू पाहणारे, संस्कृत शिकलेले आणि दुसऱ्या कुळातली भाषा कशी चालते हे पाहायला उत्सुक असलेले, आणि ज्यांचे शेजारी किंवा आप्त दिमोना-अश्दोदला आहेत असे, या तिघांसाठी हे पुस्तक आहे. पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे चौथाच वाचक अधिक होता : मोहाडी, लाखांदूर, पवनीच्या शाळेत ‘जावाले’ म्हटल्याबद्दल ज्याचे वाक्य फळ्यावर दुरुस्त केले जाते, तो मुलगा किंवा ती मुलगी. प्रमाण मराठी त्यांनी शिकलीच पाहिजे, तिच्याशिवाय परीक्षा नाही आणि नोकरीही नाही. पण त्यांच्या बोलीत व्याकरण आहे, आणि त्या व्याकरणाच्या बळावर जगातल्या एका प्राचीन भाषेचे दार उघडते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. आठशे वर्षांपूर्वी भंडाऱ्याचे नीळभट्ट चक्रधरस्वामींच्या मागे गेले, तेव्हा स्वामींच्या पंथाने लोकांच्या बोलीतच तत्त्वज्ञान सांगायचे ठरवले होते. या मातीला ती शिकवण नवी नाही.

शिक्षकांना एक विनंती. पहिल्या तासाला कोष्टक लिहू नये. वर्गातल्या मुलांकडून त्यांच्या घरच्या बोलीतली दहा वाक्ये घ्यावीत, ज्यांत ‘कराले’, ‘पाहाले’, ‘खावाले’ येते अशी. ती जशीच्या तशी फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकाखाली त्याचे हिब्रू रूप मांडावे. ‘ले’ कुठून कुठे गेला हे मुलेच दाखवतील, आणि दुसऱ्या तासाला नवी वाक्ये तीच बनवून आणतील.